सहावी बाटली

माझे मामा सायकलवरून गावोगावच्या विहिरींच्या पाण्याचे नमुने गोळा करून प्रयोगशाळेत पोहोचवत. त्या दिवशी नमुन्यांची सहावी बाटली पिशवीत मावेना, म्हणून त्यांनी प्यायच्या पाण्याच्या दोन बाटल्यांपैकी एक घरीच ठेवली.

"अहो, ऊन बघा जरा!" मामी म्हणाली.

"तीस किलोमीटर तर जायचंय. वाळवंट थोडंच ओलांडतोय?"

परतताना माळावर टायर फुटलं. आसपास ना घर ना झाड. दोन तास सायकल ढकलून मामांची जीभ टाळ्याला चिकटली, डोळ्यांपुढे अंधारी आली. प्यायचं पाणी केव्हाच संपलं होतं आणि मागे सहा भरल्या बाटल्या डुचमळत होत्या. पाचांत नमुना टिकावा म्हणून आम्ल घातलेलं. सहावीत नुसतं पाणी, पण ज्या विहिरीमुळे चाळीस जण आजारी पडल्याचा संशय होता, तिचं. मामांनी दोनदा झाकणाला हात घातला आणि दोनदा मागे घेतला. तिसऱ्यांदा ते घटाघटा प्यायले.

प्रयोगशाळेतल्या बाई रिकामी बाटली बघून खवळल्या. "नमुना कुठाय?"

मामा पोटावर हात ठेवून बाकावर बसले. "इथं आहे, ताई. आता विहिरीचा रिपोर्ट माझ्यावरूनच काढा."