वाशीची पार्टी आणि नाखव्याचा डावा गाल

'पार्टी' हा शब्द आमच्या आईने पत्रात वाचला आणि माझी वाशीची वारी ठरली.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. माझी थोरली बहीण नंदाताई साताऱ्यातली चित्रकलाशिक्षिकेची पक्की नोकरी सोडून वाशीला राहायला गेली होती, पुतळे घडवायला. तिच्या पत्रांतली माती, प्लास्टर आणि डास आईने कसेबसे पचवले होते. पण या वेळी तिने लिहिलं होतं, दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी माझ्याकडे पार्टी असते. आईने ते पत्र दिवसभरात तीनदा वाचलं. संध्याकाळी म्हणाली, "सुमे, जाऊन बघून ये. आणि जमलं तर घेऊनच ये."

त्याच पत्रात आणखी एक बातमी होती. सारसोळे गावातल्या एका वारलेल्या नाखव्याचा, म्हणजे होडीमालकाचा, अर्धपुतळा करायचं काम ताईला मिळालं होतं. पहिलीच मोठी ऑर्डर. तो गावाला पसंत पडला नाही तर जूनमध्ये मी साताऱ्याला परत येते, असं तिने स्वतःहून कबूल केलं होतं. शाळेने तिची जागा अजून भरलेली नव्हती. त्यामुळे आई मनातून कोणाच्या बाजूने होती ते सांगायला नको.

शुक्रवारी पहाटेची एसटी पकडली. आता तुम्ही द्रुतगती मार्गाने भुर्रकन जाता, त्या काळी खंबाटकी, कात्रज आणि खंडाळा असे तीन घाट पोटाची परीक्षा घ्यायचे. तिकिटाचा आकडा आठवत नाही, पण खोपोलीला खाल्लेला वडा चांगला आठवतो, कारण तो पनवेलपर्यंत घशाशी होता. पनवेलच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिठागरं, खाजणाची दलदल आणि मधेच कुठेतरी अर्धवट उभ्या इमारती. हेच ते नवीन शहर, असं कंडक्टरने हाताने दाखवलं. मला तरी शहर कुठे दिसलं नाही.

खाडीपुलाच्या अलीकडे उतरले. ताई न्यायला आली होती. साडीला वाळलेल्या मातीचे डाग आणि केसांत पांढरी पूड, मला वाटलं पिकले की काय. तिचं घर कॉलनीतल्या बैठ्या घरांपैकी. पुढची खोली राहायची, मागच्या अंगणात पत्र्याची शेड, तीच तिची काम करायची जागा. गिरगावात एवढ्या भाड्यात मला गॅलरीसुद्धा मिळाली नसती, असं ती अभिमानाने म्हणाली.

तिचा दिवस बघून मी थकले. सकाळी उन्हं चढायच्या आत मातीकाम, कारण दुपारी शाडू तडकतो. जेवण झालं की रंग. दुकानांच्या पाट्या, कोणाच्या वडिलांचं फोटोवरून तैलचित्र, आणि उरलेल्या वेळात स्वतःची चित्रं. मातीवरचं ओलं फडकं मात्र दिवसातून चारदा बदलायचं, मग हातात ब्रश असो की पोळीचं लाटणं.

शेडमध्ये नाखवा उभा होता. रुंद कपाळ, आखूड मान, कोणाचं तरी म्हणणं पटत नसल्यासारखे मिटलेले ओठ. ताईकडे त्याचा एकच फोटो होता, तोही समोरून. बाजूचा चेहरा त्याच्या थोरल्या बहिणीने, यमुनाबाईंनी, सांगून सांगून घडवून घेतला होता. दर आठवड्याला सारसोळ्याहून यायच्या आणि पुतळ्याच्या नाकावरून बोट फिरवून चूक काढायच्या.

शनिवारी साचा. मातीवर प्लास्टरचा पहिला पातळ थर द्यायचा, त्यात कपड्यांची नीळ घालायची. त्यावर जाड पांढरा थर. साच्याचे पुढचा-मागचा असे दोन भाग सोडवायचे आणि आतली माती खरवडून काढायची. इथे मूळ पुतळा संपला. मग साच्याला आतून साबणाचं पाणी आणि तेल लावायचं, भाग बांधायचे आणि आत नवीन प्लास्टर ओतायचं. दुसऱ्या दिवशी वरून साचा फोडत जायचं. निळा थर लागला की हात सांभाळायचा, कारण त्याच्या आत चेहरा असतो. साबण लावला नसेल तर साचा चेहऱ्याला चिकटून बसतो. दुसरी संधी नाही.

साबण लावायचं काम ताईने माझ्यावर सोपवलं. मीही चित्रकलेचीच मास्तरीण, त्यामुळे फुशारले. पुढच्या भागाला उजव्या गालापासून सुरुवात केली, आणि शेजारच्या नसीमाभाभी चहा घेऊन आल्या. त्या उरणकडच्या, बोलायला गोड. माहेर, सासर, साताऱ्याचे कंदी पेढे असं सगळं झालं. साच्याकडे परत आले आणि सरळ तेलाची वाटी उचलली. प्लास्टर ओतून झालं, घट्ट झालं, आणि भांडी घासताना साबणाच्या वाटीवर माझी नजर गेली. डाव्या गालाला मी साबण लावला होता का?

रात्रभर डोळा लागला नाही. खरं सांगायचं तर एकदा मनात आलं की बरंच झालं, ताई घरी येईल, आईचा घोर मिटेल. ते मनात आल्याची लाज मला आजही वाटते.

सकाळी चहाच्या आधीच सांगून टाकलं. ताई स्टुलावर बसली. मला वाटलं आता रडेल, नाहीतर मारेल.

"कुठला भाग?" तिने विचारलं.

"डावा गाल."

"मग उजवीकडून सुरुवात करू," म्हणाली आणि छिन्नी शोधायला लागली.

दहाच्या सुमाराला पार्टीची मंडळी आली. आईने कल्पनेत पाहिलेली पार्टी मलाही पाहायची होती, ती ही! अंगणात दोन चटया, मधे कागद, रंगांच्या बशा आणि शाडूचा एक गोळा. ज्याला जे करायचंय ते करा, येताना एक पदार्थ आणा, एवढाच नियम. नसीमाभाभींनी तांदळाच्या रव्याची वाफवलेली सांदणं आणली होती, अशी मऊ सांदणं मी पुन्हा कुठे खाल्ली नाहीत. मराठवाड्यातून आलेले, कुठल्याशा कचेरीत क्लार्क असलेले कांबळे आपल्या गावच्या विहिरीचं चित्र काढत बसले. ते मला म्हणाले, "ताई, आठवडाभर फायलींचं टेन्शन असतं. इथे आलं की आमी माणसात येतो." ताईला पाट्यांची आणि तैलचित्रांची निम्मी कामं याच चटईवरून मिळत होती, हे मला तेव्हा कळलं.

यमुनाबाई आल्या त्या थेट शेडच्या दारात ठाण मांडून बसल्या.

ताईने घाव घालायला सुरुवात केली. पांढरे ढलपे उडाले, मग निळे. उजवा कान सुटला. कपाळ, नाक, ओठ, सगळं सालपट निघावं तसं सुटत गेलं. मग डावीकडे आली आणि छिन्नीचा आवाज बदलला. निळा थर गालाला धरून बसला होता. ताईने छिन्नी ठेवली, पातळ पातं घेतलं आणि कणाकणाने खरवडायला लागली. अंगणातली मंडळी यमुनाबाईंच्या मागे येऊन उभी राहिली. कांबळ्यांच्या हातातला ब्रश तसाच. मी यमुनाबाईंकडे बघायचं टाळत होते.

तास-दीड तासाने ती बाजूला झाली. चेहरा शाबूत होता, पण डावा गाल कानापासून हनुवटीपर्यंत खडबडीत, बारीक खड्ड्यांचा, आणि त्या खड्ड्यांत नीळ राहिलेली. "घासून गुळगुळीत करता येईल," ताई म्हणाली, "पण गालाचा आकार थोडा जाईल." चूक माझी आहे, असं मी मधेच बोलून गेले.

यमुनाबाई उठल्या. त्यांनी त्या गालावर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"दाडी कराचा त्याला लय कंटाला," त्या म्हणाल्या. "आसाच दिसाचा तो. ऱ्हाऊं दे."

मी शेडमागे जाऊन रडले. सुटल्यासारखं वाटणं म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. आत येऊन पाहते तर ताई तशाच प्लास्टरच्या हाताने सांदण खात होती.

सोमवारी यमुनाबाईंकडे जेवायला सारसोळ्याला गेलो. नेरूळच्या फाट्यापर्यंत बस, पुढे चिखल टाळत चालत. तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलांचं कालवण. धक्क्याजवळ पुतळ्यासाठी चौथरा आधीच बांधून ठेवला होता, म्हणजे धाकधूक फक्त आम्हालाच होती. आता हार्बर लाइनने नेरूळला उतरून रिक्षाने जाता येतं. भरतीच्या वेळी जा, ओहोटीला नुसता चिखल दिसतो.

मंगळवारी एकटीच साताऱ्याला परतले. त्या प्रवासातलं आज काय उरलं, तर ताईचा न चढलेला आवाज. मी पुढे तीस वर्षं मुलांना चित्रकला शिकवली, पण तो आवाज मला कधी साधला नाही.

आईला सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. ती तांदूळ निवडत ऐकत होती. पार्टीत काय काय खायला होतं ते तिने दोनदा विचारलं. नंदा कधी येतेय, हे मात्र विचारलंच नाही. ताट बाजूला सारून म्हणाली, "पुढच्या महिन्यातला शेवटचा रविवार किती तारखेला येतो ते बघ. आणि तिकीट काढशील तेव्हा मला खिडकीजवळची जागा घे. घाटात मळमळतं मला."