साठ पावलं, मग मावळतीकडे

व्यक्ती: होग्ला, पलट्याची मुलगी. वय: सांगण्याप्रमाणे साठ, दिसण्याप्रमाणे अधिक. जन्म: बाबेल, कबार कालव्याकाठी. मूळ गाव: नटोफा, असा दावा. सोबत: गाढव एक, पोते एक. पोत्यातील जिन्नस: वडील. पितृकुळ: सिद्ध नाही.

यरुशलेमच्या वेशीशी फाटक्या छपराखाली बसलेल्या कारकुनाने हे कातड्यावर उतरवलं. बाबेलचं राज्य बुडालं होतं, पारसाचं आलं होतं, आणि धरून नेलेल्यांना गावी परतायची मुभा मिळाली होती. लिपी तीच होती, जांभईही तीच. कारकूनही तोच असावा असा होग्लाला दाट संशय आला.

"गावात घराण्याची कबर दाखव," तो म्हणाला. "आमचा माणूस येईल साक्षीला. नाही दाखवता आली तर हाडं परक्यांच्या खड्ड्यात."

"चार महिने चालत आणलंय त्यांना."

"सगळेच चालत आलेत, आजी. पुढचा!"

कबरीची वाट होग्लाला पाठ होती. पलट्याला शिपायांनी धरून बाबेलला नेलं तेव्हा तो बारा वर्षांचा होता, आणि आदल्याच महिन्यात त्याने आईला कबरीत ठेवलं होतं. पुढे यरुशलेमचं मंदिर जळाल्याची बातमी आली. त्या दिवसाच्या उपासाला तो दर वर्षी, पोट रिकामं असताना, लेकीला कालव्याकाठाने चालवायचा. दारातून नीघ. डाव्या हाताला साठ पावलं. मग मावळतीकडे वळ. खडकात दोन पायऱ्या, आत आजी. बाबेलमध्ये मावळतीला वळलं की खजुराची बाग लागायची, आणि बागवान दर वर्षी न चुकता शिव्या घालायचा. मरताना पलट्याने एवढंच मागितलं: आईपाशी ने.

साक्षीला अज्जूर आला. तोही बाबेलचाच, चढ त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता.

नटोफ्यात घर ओळखू आलं ते अंगणातल्या तेलघाण्याच्या दुभंगलेल्या दगडावरून. भिंती कमरेएवढ्या उरल्या होत्या, मधे एक वाट होती. होग्ला त्या वाटेने बाहेर पडली, डावीकडे वळली, साठ पावलं मोजली, मावळतीकडे वळली. समोर काटेरी झुडपं आणि एक शेळी. पुन्हा मोजली. बारा वर्षांच्या पोराची पावलं म्हणून आखूड टाकून पाहिली. शेळी मात्र जागची हलली नाही.

"बाई, माझे गुडघे सपाट मुलखातले आहेत," अज्जूर म्हणाला. त्याने 'सिद्ध नाही' खाली शिक्का उमटवला आणि उतरणीला लागला.

होग्ला पोत्याशेजारी बसली. रडायला हवं होतं, पण त्यालाही अंगात त्राण लागतं.

शेजारच्या बांधावर एक म्हातारी द्राक्षवेल छाटत होती. नाव अतारा. तिचं घराणं कुठेच गेलं नव्हतं. नेण्यासारखं त्यांच्यात काही नाही, असं बाबेलवाल्यांचं मत पडलं होतं.

"अगं बये," ती म्हणाली, "खिंडारातून काय निघतेस सारखी?"

"दार आहे ते."

"दार! या घरच्यांना नेल्यावर दहा वर्षांनी बाबेलचे शिपाई पुन्हा आले, त्यांनी फोडलीय ती भिंत. पश्चिमेचा वारा-पाऊस अंगावर घ्यायला तिकडं कोण दार काढेल? दार उगवतीला. तो बघ उंबरा."

मातीत अर्धा गाडलेला दगड होता, मधे झिजून खोलगट झालेला.

"सकाळपासून बघत होतीस ना? मग आधी का नाही बोललीस?"

"तुमची ती यादी, तुमचा तो शिक्का. आम्हाला कुणी विचारलं?"

होग्ला उंबऱ्यावरून निघाली. साठ पावलं, मावळतीकडे, दोन पायऱ्या. कबरीच्या तोंडावरचा दगड दोघींनी मिळून सरकवला. अतारा सगळा वेळ कमरेच्या नावाने कुरकुरत होती.

दुसऱ्या दिवशी होग्ला कारकुनाकडे गेली. शिक्का झालेली नोंद बदलायला अज्जूरने पुन्हा डोंगर चढायला हवा, तो म्हणाला. अताराची साक्ष चालणार नाही. ती बाबेलहून आलेली नाही, तेव्हा यादीत नाही.

अज्जूरचे गुडघे अजून बरे नाहीत. पितृकुळ: सिद्ध नाही.

पलट्या आईपाशी आहे.