दात कशाने घासता?

खरं सांगते, कौसल्येचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं. करी रोडच्या आमच्या चाळीत महिला मंडळाचा माईक वीस वर्षं माझ्या हातात होता. हळदीकुंकू असो, गणपतीतली बक्षिसं असोत, "जाईबाई, तुम्हीच बोला" असं सगळ्या म्हणायच्या. कौसल्या तेव्हा मागच्या रांगेत बसायची आणि कार्यक्रम संपला की पोह्यांच्या बशा गोळा करायची. कुडाळकडची, चार घरी पोळ्या लाटणारी बाई. सभेत तिचा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता.

आता सभेत बोलायला तिला माझगावहून बोलावणं येतं, वरळी कोळीवाड्यातून येतं. तेही जिभेच्या कडेचा तुकडा काढून टाकल्यावर! 'र' आला की ती अडखळते, पाण्याचा घोट घेते आणि पुन्हा सुरू करते. बायका तेवढा वेळ थांबतात. माझे उच्चार इतके स्वच्छ, पण मी बोलायला लागले की मागे भाजीच्या गप्पा सुरू व्हायच्या.

झालं असं की तिच्या जिभेवर एक व्रण आला आणि दोन महिने बरा होईना. दुखत नव्हता, म्हणून तिने सोडून दिला होता. ज्यांच्याकडे पोळ्या करायची त्या मानसीबाई नर्स. त्यांनी तिला ओढतच हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू खाता?" ही म्हणाली, "नाही हो." विडी? पान? गुटखा? नाही, नाही, नाही. खोटं बोलत नव्हती ती. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "मग दात कशाने घासता?"

"मिश्रीने."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं म्हणे.

मिश्री म्हणजे तंबाखू, हे आमच्याकडे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईस्तोवर भाजायचं, कुटायचं, डबीत भरायचं. सासू लावते म्हणून सून लावते. सकाळी दातांना, दुपारी जेवण झाल्यावर, मग उगाचच. पण तंबाखू खायचे ते गिरणीतले पुरुष. आम्ही बायका तर नुसते दात घासतो!

पूर्वी एका संस्थेच्या मुली फॉर्म घेऊन आल्या होत्या. 'तंबाखू खाता का?' यापुढे आम्ही चाळीस जणींनी 'नाही' लिहिलं. त्या मुलींना चहा मी पाजला, फोटोत मधोमध मीच. जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन बरी झाल्यावर कौसल्येने फॉर्म बाजूला ठेवला आणि दारोदार जाऊन डॉक्टरांचा तो एकच प्रश्न विचारला. एकतीस जणी मिश्रीवाल्या निघाल्या. तिचं हॉस्पिटलात कौतुक झालं. इतका साधा प्रश्न, आणि मला वीस वर्षांत सुचू नये? याचा जळफळाट अजून गेलेला नाही.

त्यात माझी नात अक्षता. "आजी, कौसल्याकाकी काय भारी बोलते ना!"

"बोलते की. 'र' सोडून," मी म्हटलं.

पोरगी उठून बाहेर निघून गेली. मला लाज वाटली, आणि त्या लाजेचा रागही मी कौसल्येवरच काढला.

आता लपवलेलं सांगते. माझ्या डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा आला होता. तिखट लागलं की आग व्हायची. कौसल्या सभेत सांगायची, "तोंडातलं काहीही पंधरा दिवसांत बरं झालं नाही, तर दुखो न दुखो, दाखवा." मी मागे बसून ऐकायची. पण चाळीत टॉर्च घेऊन तोंड बघणारी तीच. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, तसं मी तिच्या अडखळण्यावर टपून बसले आणि चट्टा तीन महिने तसाच ठेवला. तिच्यापुढे आ करण्यापेक्षा मेलेलं बरं, असं मला खरंच वाटायचं.

एक दिवस जेवताना अक्षताने विचारलं, "आजी, तू हल्ली एकाच बाजूने का चावतेस? काकीला बोलवू?"

"तिला एक शब्द सांगायचा नाही!" मी ओरडले.

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तिच्यावर रुसून मरणार आहेस का तू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. कौसल्या कणीक मळत होती. "जाईवैनी? येवा, बसा."

"बसत नाही. तोंड बघ माझं."

तिने हात धुतले, टॉर्च आणला. बराच वेळ बघितलं. 'सांगितलं होतं ना' हे ऐकायची मी तयारी करून गेले होते. तिने विचारलं फक्त, "कधीपासून?" मी सांगितलं. मग म्हणाली, "उद्या सकाळी आठ वाजता तयार रवा. मी येतंय." दोनदा अडखळली. मला हसू आलं नाही.

हॉस्पिटलात चट्ट्याचा तुकडा तपासायला घेतला. आठ दिवसांनी पुन्हा आम्ही दोघी गेलो. तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॅन्सर झालेला नाही. पण वाट तिकडचीच होती. मिश्री आजपासून बंद, आणि सांगू तेव्हा दाखवायला यायचं. वेळेत आलात, आजी. कुणी पाठवलं?"

कौसल्या शेजारीच बसली होती.

"मीच आले," मी म्हणाले. अगदी माईकवर बोलावं तशी, खणखणीत.

"हो बाई," कौसल्या म्हणाली, "त्या आपणहून आल्या."

ती इतक्या सहज बोलली की डॉक्टरीणबाईंनी मान डोलावून पुढचा कागद ओढला. मी तिथेच खरं सांगू शकले असते. जिन्यात सांगू शकले असते, चाळीत पोचल्यावरही. जीभ रेटली नाही, अख्खी शाबूत असून. अजूनही जळते मी तिच्यावर, पण हे लिहून ठेवते: मी आपणहून गेले नव्हते. मला कौसल्येने नेलं.