तुक्याच्या नावावरचे चौकार

सायवनची हर्षदा वरठा डहाणूत एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करते. रविवारी आसपासच्या टेनिस बॉलवरच्या क्रिकेटच्या सामन्यांना स्कोअर लिहायला तिला बोलावतात, कारण कुणी कितीही आरडाओरडा केला तरी ती खोडाखोड करत नाही. उरलेल्या वेळात ती कॉमिक काढते.

तिच्या पहिल्या कॉमिकमध्ये चिमी नावाची मुलगी आजारी भावाचा, तुक्याचा, शर्ट आणि टोपी घालून फायनल खेळते आणि सामना जिंकून देते. घरी येऊन शर्ट वाळत घालते. चित्रं तिथेच संपतात. पुढे दोन पानांवर नुसते कागद: त्या सामन्याची स्कोअरशीट आणि पेपरातलं कात्रण. दोन्ही हर्षदानेच रचलेले, आणि दोन्हींत नाव तुक्याचं.

कोसबाडचे अमृत धोडी मुलांची पुस्तकं छापतात. त्यांना ही पानं पटली नाहीत.

"गोष्ट तर संपली. हे कोण वाचणार?"

"याच्याशिवाय गोष्ट अर्धी आहे, दादा."

"मग चिमीच्या तोंडी टाक ना, माझं नाव कुठेच आलं नाही म्हणून."

"ती असं बोलणार नाही. तशी नाहीच ती."

दोघांचं जमेना. शेवटी अमृतदादा कच्च्या प्रती घेऊन सायवनच्या शाळेत गेले. हर्षदा मागे बसली. मुलं चित्रं बघून हसली आणि बहुतेकांनी पुस्तक मिटलं. हर्षदाचा चेहरा उतरला. तेवढ्यात सातवीतली लाडकी उभी राहिली.

"ताई, चूक झालीय. चौकार मारले चिमीने आणि लिहिलेत तुक्याचे."

"शर्ट त्याचा होता ना!" शेजारचा मनिष म्हणाला. "मग त्याचंच नाव लिहिणार."

"पण मारले तिने!"

सगळ्यांनी पुस्तकं पुन्हा उघडली. चित्रातला एकेक चौकार शोधून मुलं तो स्कोअरशीटशी ताडून बघू लागली. घंटा झाली तरी वाद थांबेना.

बाहेर आल्यावर अमृतदादा म्हणाले, "स्कोअरशीट ठेवू. कात्रण नको, ते तेच पुन्हा सांगतंय."

हर्षदाला वाईट वाटलं. कात्रणावर तिची जास्त मेहनत होती, बाजूची भाताच्या बियाण्याची जाहिरातसुद्धा तिने रचली होती. पण घरी निवांत वाचल्यावर तिलाही ते पटलं.

पुस्तक दिवाळीनंतर निघालं. आता दुसऱ्या कॉमिकचं काम चालू आहे. त्यात एक लग्नपत्रिका आहे, ती अजून मनासारखी जमलेली नाही.