डीपीतला निळा हात

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. बरं, हसा, पण चहाचा घोट तोंडात असताना नको. माझी इतकी मोठी फजिती झाली, आणि तीही कशापायी? एका नखाएवढ्या चित्रापायी!

झालं असं, की आमच्या हेब्बाळच्या ऑफिसात टीम लीडनं फतवा काढला. चॅटवर सगळ्यांचे ते पासपोर्टछाप चेहरे बघून त्याला म्हणे उदास वाटतं. तर प्रत्येकानं स्वतःचा रंगीबेरंगी अवतार बनवून लावायचा. बाकीच्यांनी मोबाइलवर एक बटण दाबलं आणि कार्टून होऊन मोकळे झाले. पण मी पडलो पुण्याचा. सोप्या मार्गानं गेलो तर झोप लागेल का मला? मी जाहीर करून टाकलं, "हे बटण दाबायचं काम नाही. मी फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः बनवणार. आणि मग तुम्हालाही शिकवणार."

बायको, म्हणजे स्नेहल, तेव्हा माहेरी पुण्याला गेली होती. बसवनगुडीच्या घरात मी एकटा. कलेला याहून पोषक वातावरण कुठलं?

आता फोटो कुठला घ्यावा? माझ्या बहुतेक फोटोंत माझ्याआधी माझं पोट येतं. एकच बरा होता. कुठल्यातरी मोठ्या फोटोतून कधीतरी छातीपर्यंत कापून ठेवलेला. अंगात पिवळा झब्बा, चेहऱ्यावर हसू, आणि पोटाचा प्रश्नच नाही!

मग काय विचारता! मागचं सगळं पुसून गुलाबी गोल टाकला. चेहरा वेगळा निवडून त्याला हापूसचा रंग दिला. उरलेल्या भागावर रंग बदलायची पट्टी धरली आणि सरकवली सर्रकन. पिवळा झब्बा निळाशार! झब्ब्याच्या खांद्यावर कसलंसं भरतकामही उठून दिसत होतं. मी स्वतःवर इतका खूश झालो, की ऑफिसात तर लावलाच, वर मोबाइलचा डीपीही तोच केला.

सकाळी जिन्यात घरमालकीण भेटल्या, सुमित्राक्का. यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलं, घरात मराठी, पण अर्धी कन्नड मिसळलेली.

"मंदार, फोटो बघितले रे. लई कलर-कलर केलास की!"

"आवडला ना, अक्का?"

"छान आहे. पण खांद्यावर ते हात कोणाचं?"

"कसला हात?"

"अय्यो, स्वल्प मोठं करून बघ की!"

मोठं करून बघितलं आणि जिन्यातच बसलो. मी ज्याला भरतकाम समजत होतो, तो हात होता! बाईचा! झब्ब्यासारखाच निळसर, म्हणून त्यात मिसळून गेलेला. पंजाच्या पाठीवर वेलबुट्टीचा टॅटू आणि मनगटात जांभळ्या बांगड्या.

"अक्का, हा कोणाचा हो?"

"मला काय विचारतोस रे? खांदा तुझं!"

तेवढ्यात फोन वाजला. स्नेहल! आवाज असा गोड, की लग्न झालेल्या कुठल्याही माणसाला घाम फुटावा.

"डीपी पाहिला हं. मस्त झालाय. आणि खांद्यावरचा हात कोणाचा, सांग बरं?"

आता माझं डोकं बघा कसं चाललं. पिवळा झब्बा म्हणजे ऑफिसचा एथनिक डे. एथनिक डे म्हणजे टीमचा फोटो. आणि टीममध्ये हातावर टॅटू कोणाचा? दिव्याचा. झालं की सिद्ध!

"अगं, तो दिव्याचा असणार."

"कोणाचा?"

"दिव्याचा. टेस्टिंगमधली. एथनिक डे होता ना आमचा. ती सगळ्यांच्याच खांद्यावर हात ठेवते."

"सगळ्यांच्याच?"

"म्हणजे माझ्या एकट्याच्याच नाही, असं म्हणायचंय मला!"

फोन बंद. हेब्बाळ येईपर्यंत कॅबमधून मी फोन लावतोय आणि ती उचलत नाहीये.

ऑफिसात शिरलो तो थेट दिव्यासमोर. "एथनिक डे के फोटो में ये हाथ तुम्हारा है ना?"

तिनं फोटो पाहिला, मग मला पाहिलं. "मेरा? मैं तो उस दिन छुट्टी पे थी! और मेरा टॅटू तो दूसरे हाथ पे है!"

मला इतका आनंद झाला म्हणता! लगेच स्नेहलला मेसेज टाकला, "दिव्याचा नाही!!" पुढे नाचणारा माणूस पण टाकला.

तिचं उत्तर आलं, "मग आता कोण?"

खरंच की! मग कोण? तोवर ही बातमी टीमभर झालेली. कामधाम सोडून सगळे त्या हाताच्या मागे लागले. कोणी म्हणालं अकाउंट्समधली, कोणी म्हणालं एचआरच्या मॅडम. आणि मी इतका प्रामाणिक, की जे नाव निघेल ते स्नेहलला कळवत होतो! लपवाछपवी नको, हा माझा हेतू. हेतू शुद्ध होता हो! संध्याकाळी तिचा शेवटचा मेसेज आला, "रविवारी येणार होते. आता राहते इथंच."

घरी परतलो तर अक्का दारातच उभ्या.

"हात कोणाचं ते शोधू नकोस रे आता. माफी माग. सरी? कळलं?"

"पण अक्का, मी काही केलंच नाही!"

"नाही केलास म्हणून काय झालं? तुला खरं पाहिजे का बायको पाहिजे?"

बायको पाहिजे होती. फार पाहिजे होती. वर जाऊन फोन लावला, आणि देवाच्या दयेनं तिनं उचलला. मी तिला बोलूच दिलं नाही.

"स्नेहल, माझं चुकलं. तो हात कोणाचा ते मला खरंच आठवत नाही. पण मी तो झटकून टाकायला हवा होता. तो हात पुन्हा कधीही माझ्या खांद्यावर ठेवू देणार नाही. तुझी शपथ!"

ती म्हणाली, "फोटो पाठवलाय. बघ."

बघितला. अख्खा फोटो होता. तिच्या भावाच्या लग्नातला. तिथंही मी तोच पिवळा झब्बा घातला होता. आणि माझ्या शेजारी, माझ्या खांद्यावर हात ठेवून, नटूनथटून हसत उभी कोण? स्नेहल! हातभर मेंदी आणि मनगटात हिरवा चुडा. ज्या पट्टीनं माझा झब्बा निळा केला, तिनंच मेंदीचा टॅटू केला आणि हिरव्या बांगड्या जांभळ्या केल्या होत्या. पट्टी सरकवणारा कोण? मीच! आणि मी लोकांना शिकवायला निघालो होतो!

"मला वाटलं," ती म्हणाली, "गोलात मी मावत नाही म्हणून तू मुद्दाम माझा हात तेवढा ठेवलास. आईलाही दाखवलं मी कौतुकानं. म्हणून लाडात विचारलं, तर म्हणे दिव्याचा!"

खरं सांगतो, इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. दिवसभर मी जिच्या हाताचा पंचनामा करत फिरलो, ती बिचारी तो हात मी ओळखावा म्हणून वाट बघत होती.

रविवारी ती आली मात्र. अक्कांना कोण आनंद! आम्हा दोघांना गच्चीवर नेलं आणि मोबाइल रोखून म्हणाल्या, "उभे राहा रे, फोटो काढते."

मी पोट आत घेऊन उभा राहिलो. स्नेहल माझ्यापासून चांगली लांब सरकली आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिली.

"अय्यो, जवळ ये की ग! खांद्यावर हात ठेव!"

"नाही हो अक्का," स्नेहल म्हणाली, "हा हात पुन्हा खांद्यावर ठेवू देणार नाही, अशी यानं शपथ घेतलीये. आणि तीही माझीच!"