तीनदा टक, एक ओरखडा

बंदराच्या मनोऱ्यावरून अठ्ठावीस वर्षं दिव्याची उघडझाप करत जहाजांशी बोलणारा हा माणूस घरात मात्र मिठाची गुळणी धरून बसायचा. दिव्याच्या झडपेच्या आवाजावरून बंदरावर त्याला सगळे 'कडकट्ट' म्हणत. टेबलावर बोटाची टक म्हणजे लहान खूण, नख ओढलं की लांब. पाणी आण, ताट वाढ, रेडिओ बंद कर, सगळं असंच. लग्नानंतर तीन महिन्यांत त्यानं बायकोकडून अख्खी लिपी घोटून घेतली. चुकलं की फूटपट्टी बोटांवर. खूण समजली की तिनं उलट वाजवायचं, लहान, लांब, लहान. म्हणजे 'मिळालं'. समुद्रावर तसा नियमच असतो म्हणे. घराचा कप्तान कोण, हे विचारायची सोयच नव्हती.

तिनं आपणहून खूण केली ती एकदाच. सहावा महिना चालू होता. न्हाणीघरात पाय घसरला, उठता येईना, तेव्हा तिनं दारावर वाजवलं. तीनदा टक, एक ओरखडा. मला मदत हवी. बाहेरून लगेच उत्तर आलं, मिळालं. मग ताटात चमचा वाजत राहिला. जेवण उरकून, हात धुऊन तो आला तोवर मूल गेलं होतं. त्या दिवसापासून तिला त्या मेल्या नवऱ्याचा तिटकारा बसला, तो बसलाच.

आता म्हातारपणी त्याला झटका आला. वाचा गेली, उजवं अंग लुळं पडलं, डाव्या हाताचं एक बोट तेवढं उरलं. इस्पितळाच्या खाटेच्या लोखंडी कठड्यावर ते सकाळपासून चालू होतं. तीनदा टक, एक ओरखडा.

डॉक्टरबाई वाकून बघत म्हणाल्या, "आजी, हे काही सांगतायत का? समज शाबूत असेल तर इथेच ठेवून व्यायाम सुरू करू, सुधारतील, घरी येतील. नाहीतर वरच्या मजल्यावर हलवावं लागेल."

वरच्या मजल्यावरून कोणी परत येत नाही, हे तिला आयांकडून कळलं होतं. त्यालाही.

"कसलं सांगणं, बाई! जुना चाळा आहे त्यांचा. डोकं कधीच गेलंय."

डॉक्टरबाईंनी तसं लिहिलं आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. म्हाताऱ्यानं डोळे वटारले, बोट थाडथाड वाजू लागलं.

तिनं खुर्ची जवळ ओढली आणि कठड्यावर सावकाश वाजवलं. लहान, लांब, लहान.

मग ती पिशवी घेऊन खाली जेवायला गेली.