कूलंट जातंय कुठे

आमच्या ह्यांना बिघाड सापडला नाही की घरात भांडी जोरात वाजतात, आणि ती मी वाजवते असं ह्यांचं म्हणणं. या खेपेला भांडी गप्प होती, कारण हेच गप्प होते. दातांच्या डॉक्टरांची जुनी स्पोर्ट्स कार, लाल, दोनच सीटची, ह्यांच्या गॅरेजमध्ये यायची आणि जायची. तिच्यातलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं ते हिरवं पाणी, कुठे जातंय ते काही कळेना. भरून द्यावं, तर डॉक्टर पुन्हा हजर आणि टाकी निम्मी रिकामी.

गाडीखाली थेंब नाही. पाइप कोरडे, ऑइल स्वच्छ. पंप लावून दाब दिला, काटा जागचा हलला नाही, म्हणजे गळतीही नाही. ह्यांनी स्वतः गाडी फिरवून आणली, तर पाणी होतं तेवढंच. ही गाडी फक्त डॉक्टरांच्या हातूनच पाणी पिते वाटतं, असं मी म्हटलं. एरवी हसले असते.

दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने डॉक्टरांना इंजिनच उघडायला सांगितलं होतं. ह्यांचा हात धजेना. इतकं जुनं इंजिन, बोल्ट तुटले की गाडी भंगारात. एके दिवशी जेवताना म्हणाले, "हे मला सापडलं नाही, तर मी शटर ओढणार. कायमचं."

मला रागच आला. एका गाडीपायी कुणी गॅरेज बंद करतं का? आणि तेही ह्यांनी? बॉनेट उघडायच्या आधी वाकून नाक लावायचं आणि सांगायचं, क्लच जळलाय, नाहीतर वायर वितळलीय, ही ह्यांची पद्धत. लोक मुद्दाम ते बघायला थांबायचे. आता त्या माणसाने हात टेकले, म्हणजे आहे तरी काय प्रकरण? माझ्याही डोक्यात भुंगा शिरला.

दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, गाडी डॉक्टरांना चालवू द्या आणि कुणीतरी शेजारी बसा. ह्यांना मागून स्कूटरवर येऊन धूर बघायचा होता, पाणी इंजिनात जळतंय का ते कळायला. उरले कोण? आयुष्यात पहिल्यांदा मी स्पोर्ट्स कारमध्ये बसले. बसले म्हणजे जवळजवळ आडवीच झाले.

बाजाराच्या गर्दीत गाडी रखडली आणि तापमानाचा काटा वर चढायला लागला. डॉक्टरांनी शांतपणे दोन्ही काचा खाली केल्या आणि हीटर लावला. भर उन्हात हीटर! त्या गरम हवेबरोबर नाकात एक गोड वास शिरला, खोकल्याच्या औषधासारखा. पायही ओलसर लागले.

परत आल्यावर मी ह्यांना म्हटलं, आत बघा, केवढा गोड वास येतोय. ह्यांनी आत डोकं घातलं, नेहमीसारखं नाक फुगवलं आणि विचारलं, "कुठे?"

 वास नुसता घमघमत होता. मागच्या आठवड्यात दूध करपून पातेलं काळं झालं, तेव्हा हे त्याच स्वयंपाकघरात पेपर वाचत बसले होते. मी वाट्टेल ते बोलले होते.

डॉक्टरांसमोर मी तोंड मिटलं. फक्त पायाखालचं ओलं दाखवलं. ह्यांनी गालिचा उचलला, खालचा फोम दाबला आणि बोटांना हिरवं चिकट पाणी लागलं. डॅशबोर्डच्या मागे हीटरचा लहान रेडिएटर असतो, त्याला बारीक चीर होती. गार असताना मिटलेली, गरम पाणी आत फिरलं की उघडणारी. हे स्वतः चालवायचे तेव्हा हीटर बंदच असायचा.

हीटर कशाला लावता, असं ह्यांनी विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, तुम्हीच तर सांगितलं होतं, गाडी तापली की हीटर लावा, इंजिनची गरमी बाहेर निघते. खरंच सांगितलं होतं, कधीकाळी, तात्पुरता उपाय म्हणून. डॉक्टरांनी औषधाच्या डोससारखं पाळलं. हे कपाळावर हात मारून हसले, बऱ्याच दिवसांनी.

डॉक्टर गेल्यावर मी विचारलं, वास कधीपासून येत नाही. म्हणाले, मागे ताप आला होता ना, त्यानंतर. रोज सकाळी साबण हुंगून बघायचे. येईल, येईल म्हणत राहिले. मला म्हणे काळजी नको म्हणून सांगितलं नाही. मी आधी भांडले, मग रडले. मग म्हटलं, शटर-बिटर काही ओढायचं नाही, सकाळी मी येत जाईन. गाडी हुंगायला अक्कल लागत नाही, नाक लागतं.

हे हात धूत होते. मी रोज करते तशी साबणाची सक्ती आज केली नव्हती, तरी धूत होते. पाठमोरेच म्हणाले, "एक विचारू? आपल्या घराला वास कसला येतो गं? मी विसरलोय."

इतकी वर्षं मी त्याच वासावरून ह्यांना दारात अडवत आले होते.

"ऑइलचा," मी म्हटलं. "आणि चांगला येतो."